ताकदीचे डबे आणि त्यांवरची बारीक अक्षरं

बचत गटांच्या समन्वयाचं काम करताना गावोगावच्या बैठकींना आम्ही जातो. गेल्या काही वर्षांत या बैठकींत बचतीच्या वहीबरोबर आणखी एक वस्तू दिसायला लागली आहे. ती म्हणजे ताकदीचा डबा. आज त्याच्याविषयी बोलू.

ताकदीचा डबा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. प्रोटीनची पावडर, रक्तवाढीचं सिरप, हाडांच्या गोळ्या, वजन उतरवायचा शेक, मुलांची उंची वाढवायची पावडर, प्रतिकारशक्तीचे थेंब. पूर्वी हे डबे शहरातल्या मोठ्या मेडिकलमध्ये काचेआड असायचे. करोनाच्या साथीत प्रत्येक घराला प्रतिकारशक्तीची काळजी लागली आणि हे डबे खेड्यापर्यंत आले. आता ते किराणा दुकानात आहेत, मोबाइलवर आहेत, आणि कुणाची तरी जाऊ, कुणाची तरी मावसबहीण ते पिशवीतून घरी घेऊन येते.

या सगळ्या वस्तूंना मिळून एक मोठं नाव आहे, न्यूट्रास्युटिकल. पोषण आणि औषध या दोन अर्थांचे इंग्रजी शब्द जोडून अमेरिकेतले डॉक्टर स्टीफन डीफेलिस यांनी १९८९ साली हा शब्द बनवला. अर्धा शब्द अन्नाचा, अर्धा औषधाचा. आपला सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. डबा औषधासारखा दिसतो. गोळी औषधासारखी, बाटली औषधासारखी, डोसही औषधासारखा, सकाळी एक संध्याकाळी एक. पण कायद्याने तो काय आहे? आपल्या देशाच्या कायद्याने तो अन्न आहे. भाकरी, लोणचं, चिवडा ज्या कायद्यात बसतात, त्याच कायद्यात हा डबाही बसतो.

हे एवढं एक वाक्य आज लक्षात ठेवलं तरी आमचं बोलणं कामी आलं: डबा कायद्याने अन्न आहे, औषध नाही.

आता हा कायदा जरा समजून घेऊ. २००६ साली अन्न सुरक्षा आणि मानके कायदा झाला. त्याच्या २२व्या कलमात या वस्तूंचा उल्लेख आला. त्यांचे सविस्तर नियम यायला पुढे दहा वर्षं गेली. ते नियम २०१६ च्या डिसेंबरमध्ये निघाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांवर देखरेख करणारी केंद्राची संस्था म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण. पाकिटावर जो एफएसएसएआयचा शिक्का असतो, तो तिचाच. आपल्या राज्यात प्रत्यक्ष तपासणी आणि कारवाई अन्न व औषध प्रशासन करतं.

औषधाला मात्र दुसरा कायदा आहे, १९४० सालचा औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा. नवीन औषध बाजारात यायच्या आधी त्याचा गुण येतो का, त्याने अपाय होतो का, हे माणसांवरच्या चाचण्यांतून दाखवावं लागतं. अन्नाच्या कायद्यात तसं नाही. नियमांच्या यादीत दिलेले घटक, ठरवून दिलेल्या मर्यादेत वापरले, परवाना घेतला, लेबल नीट छापलं, की माल विकता येतो. तो खाऊन कुणाचे गुडघे बरे झाले का, हे विकण्याआधी कुणी तपासत नाही. अन्नाचं काम पोट भरायचं, पोषण द्यायचं, म्हणून कायद्याने त्याला तेवढंच विचारलं आहे.

मग एखादी म्हणेल, ताई, माझ्या डब्यावर एफएसएसएआयचा शिक्का आहे की! असतो ना. तो शिक्का सांगतो की हा माल बनवणाऱ्याकडे अन्नाचा परवाना आहे. त्याखाली १४ आकडी नंबर असतो. नंबर १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर लहान उद्योगाची नोंदणी. आपल्या गटाच्या पापडाच्या पाकिटावरही हाच शिक्का आहे. आपला पापड खाऊन साखर उतरते असा त्या शिक्क्याचा अर्थ होतो का? नाही. डब्याचंही तसंच.

अजून एक खूण सांगतो. व्हिटॅमिनची गोळी दोन्ही कायद्यांखाली विकता येते. तुमच्या घरातली कॅल्शियमची किंवा व्हिटॅमिनची पट्टी उलटी करून बघा. तिच्यावर औषध बनवण्याच्या परवान्याचा नंबर असेल तर ते औषध. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर असेल तर ते अन्न. यात आपल्या पिशवीचाही संबंध येतो. अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं, त्यासाठी २०१३ सालचा औषध किंमत नियंत्रण आदेश आहे. अन्नाच्या डब्याला तो आदेश लागू नाही, त्यावर कंपनी तिला वाटेल ती किंमत छापू शकते. न्यूट्रास्युटिकल्स औषध नियंत्रकांच्या ताब्यात द्यावीत का, याचा विचार करायला केंद्र सरकारने २०२४ साली समिती नेमली होती, ती उगीच नव्हे.

आता डबा हातात घेऊ. घरात असेल तर खरंच घ्या. पुढची बाजू बघू नका. पुढे धावणारं पोरगं, हसणारी आई आणि मोठी अक्षरं असतात. डबा फिरवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागत असेल तर लावा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला सांगा.

पहिलं, तिथे ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे आहाराला पूरक. २०१६ च्या नियमांत हेल्थ सप्लिमेंट हे पाच वर्षांवरच्या माणसाच्या नेहमीच्या जेवणाला जोड म्हणून सांगितलं होतं. तेव्हा रांगणाऱ्या बाळाला कुणाच्या सांगण्यावरून दुधातून हे देऊ नका.

दुसरं, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असे शब्द असतात. औषधी वापरासाठी नाही. हे शब्द ठळक छापणं नियमाने बंधनकारक आहे. म्हणजे बघा, दारात बसून विकणारी बाई सांगते की याने शुगर जाते, आणि डबा स्वतःच सांगतो की मी औषध नाही. कुणाचं ऐकायचं? डब्याचं ऐका. खोटं छापलं तर कंपनीला दंड होतो, तोंडाने बोललेलं मात्र वाऱ्यावर जातं.

तिसरं, रोज किती घ्यायचं आणि त्यापेक्षा जास्त घेऊ नये, हे लिहिलेलं असतं. वेगवेगळ्या अन्नाच्या जेवणाऐवजी हे वापरू नये, हेही असतं. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, हेही असतं. ही शेवटची सूचना फार गंभीर आहे. लोहाच्या गोळ्या लहान मुलाने गोड समजून मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

चौथं, घटकांची यादी. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची असते, जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं, तर ताकदीच्या नावाखाली आपण मुख्यतः गोड पीठ विकत घेतोय असं समजा.

पाचवं, पोषणाचा तक्ता. यात एक गंमत असते. काही डब्यांवर ‘दुधासोबत’ असा एक रकाना असतो आणि त्यातले आकडे मोठे दिसतात. पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिनं मुळातच असतात. ती म्हशीने दिलेली, पण श्रेय डब्याला जातं. तेव्हा १०० ग्रॅमचा रकाना बघायचा.

आता आपण बचत गटाच्या बाया, हिशेब आपल्या हाताशी आहे. आम्ही एका बैठकीत फळ्यावर हिशेब मांडला, तो सांगतो. समजा ५०० ग्रॅमचा डबा ९०० रुपयांना आहे आणि १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम प्रथिनं लिहिली आहेत. म्हणजे अख्ख्या डब्यात १५० ग्रॅम प्रथिनं. एका ग्रॅमला पडले ६ रुपये. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगदाणे १५० रुपये किलो धरले, तर किलोत २५० ग्रॅम प्रथिनं, एका ग्रॅमला पडले ६० पैसे. दहा पटींचा फरक. भाव वर-खाली होईल, तुमच्या बाजारातला घालून बघा. शेंगदाण्यांच्या जागी हुलगे, मटकी, हरभऱ्याची डाळ, अंडी घालून बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. भाकरी, आमटी, उसळ, ताक आणि मूठभर शेंगदाणे किंवा एखादं अंडं रोज ताटात असेल, तर ही बेरीज घरातच होते. त्याच संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेणं टाळा असंच सांगितलं आहे.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती आपल्याला माहीत आहे. उसळ घरात शिजते, पण ती आधी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जाते. बाईच्या वाट्याला रस्सा आणि भाकरीचा कोपरा. मग कंबर दुखते, चक्कर येते, आणि ती ९०० रुपयांचा डबा घेते. तोही पुन्हा पोराला पाजते. ताटातली वाटणी बदलणं डबा विकत घेण्यापेक्षा अवघड आहे, हे आम्हीही जाणतो. पण विषय तिथे आहे.

आता एक घडलेली गोष्ट. आमच्या एका गटातल्या मावशींना बारा वर्षांपासून मधुमेह. सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या. त्यांना ओळखीतल्या एकीने पावडर दिली आणि सांगितलं, ही सुरू केली की इंग्रजी गोळ्यांची गरज नाही, गोळ्यांनी किडनी खराब होते. मावशींनी गोळ्या सोडल्या. पहिला आठवडा बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात पायाची जखम चिघळली, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. आशाताईंनी घरी येऊन बघितलं आणि त्यांना तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथून जिल्ह्याला. पाय वाचला. एक बोट गेलं.

त्या पावडरीत विष नव्हतं. बहुधा धान्याचं पीठ, मेथी आणि कारल्याचा अर्क असं काहीतरी होतं. घात झाला तो तोंडी सांगितलेल्या वाक्याने. म्हणून आम्ही गटात एक ठराव केला: कोणताही डबा आला तरी डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाही. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, फिट, कोणत्याही आजाराची. पावडर घ्यायची ती घ्या बाई, पण गोळी सोडू नका, आणि डॉक्टरांना डबा नेऊन दाखवा.

दाखवायचं का, तेही सांगतो. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतलं तर ती गोळी अंगी लागत नाही, मध्ये चार तासांचं अंतर ठेवावं लागतं. गरोदरपणात व्हिटॅमिन ए जास्त झालं तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. नैसर्गिक आहे म्हणून अपाय नाही, हेही खरं नव्हे. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, की त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आपण त्यातून एवढं घेऊ, की काढा असो की कॅप्सूल, महिनोन्‌महिने घेताना डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

वजन उतरवायच्या मालाबद्दल तर जास्तच सावध राहा. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयाला धोका म्हणून आपल्या देशात २०११ साली बंद झालं. तरीही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन उतरवण्याच्या मालात हेच औषध गुपचूप घातलेलं पुन्हा पुन्हा सापडलं आहे. महिन्यात दहा किलो उतरवतो म्हणणारा माणूस त्यात काय घालतो, ते लेबलवर लिहीत नसतो.

मैत्रिणींनो, आता विषय पैशाचा. हे डबे बऱ्याचदा दुकानातून येत नाहीत, साखळीतून येतात. आधी डबा घे, मग आणखी तिघींना जोड, त्या तिघी नऊ जणींना जोडतील, आणि तू घरबसल्या महिन्याला कमावशील. आमच्या एका ताईने अशाच कामासाठी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं. २० हजार रुपये. अर्ज नीट लिहिलेला, कारण म्हणून ‘व्यवसाय’. ताई मेहनती, परतफेड कधी चुकवलेली नाही. बैठकीत दोन तास चर्चा झाली. एक सदस्य म्हणाली, शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो, मग हिला का नाही? प्रश्न बरोबर होता. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या आजीने विचारलं, “बाई, हा डबा तू कुणाला विकणार? आपल्या गल्लीत महिन्याला ९०० रुपयांची पावडर घेणारी घरं किती?” ताईने मोजली. तीन. त्यातल्या दोघींना तर ती स्वतः विकणारी म्हणूनच जोडणार होती.

गटाने कर्ज नाकारलं. ताई रागावली. तिने ते पैसे बाहेरच्या फायनान्सकडून उचलले, आठवड्याच्या हप्त्याने. आज तिच्या घरी कॉटखाली चौदा डबे आहेत, मुदत संपत आलेले. हप्ता मात्र दर मंगळवारी येतो. ती बैठकीला येते, पण पूर्वीसारखी बोलत नाही. गट चुकला असं आम्हाला वाटत नाही, आणि ताई लोभी होती असंही नाही. तिला घराबाहेर न पडता चार पैसे हवे होते, आणि तेवढं दाखवणारा दुसरा कुणी तिच्या दारात आला नव्हता. गटाने नाही म्हटलं, तेव्हा पर्याय पुढे ठेवणंही गटाचंच काम. म्हणून आता आमच्या डाळीच्या पॅकिंगच्या कामात तिचं नाव घातलं आहे.

याबाबतचा कायदाही ऐकून ठेवा. माणसं जोडल्याबद्दल पैसे देणाऱ्या साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्यापासून बंदी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने थेट विक्रीचे नियम काढले. त्यांत पिरॅमिड योजना चालवायला आणि तिच्यात माणसं भरायला मनाई आहे. विकणाऱ्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय घरी यायचं नाही. पुढची गिऱ्हाइकं आणलीस तर तुझे पैसे वसूल होतील, असं सांगून माल गळ्यात मारायला मनाई आहे. थेट विक्री करणारी प्रत्येक कंपनी फसवी असते असं आम्ही म्हणत नाही. पण कमाई माल विकून होते की माणसं जोडून, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा. लेखी करार मागा. माल परत घेण्याची मुदत किती, ते कागदावर बघा. आणि कर्ज काढून साठा भरू नका.

हे झालं दुसऱ्यांचं. आता आपल्याकडे वळू, कारण आपणही विकणाऱ्या आहोत. आपले गट नाचणी सत्त्व करतात, शेवग्याच्या पाल्याची पावडर करतात, अळीव-खारकेचे लाडू करतात. २०११ च्या मूळ नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान उद्योगाला साधी नोंदणी आणि १०० रुपये वार्षिक शुल्क, अशी सोय ठेवली होती. आज मर्यादा किती, ते अर्ज भरताना संकेतस्थळावर बघून घ्या. नोंदणी केल्याशिवाय मात्र माल बाहेर काढू नका.

शेवग्याच्या पावडरीचं पाकीट छापायचं ठरलं, तेव्हा छापखान्यातल्या मुलाने नमुना तयार करून आणला. वर लिहिलं होतं, ‘ॲनिमिया, मधुमेह, सांधेदुखीवर रामबाण’. तो म्हणाला, मावशी, सगळे असंच लिहितात, नाहीतर खपणार नाही. प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर असंच लिहिलेला माल हातोहात जात होता, तेही आम्ही बघितलं आहे. तरीही ते पुसलं. अन्नाच्या पाकिटावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. २००६ च्या कायद्याच्या ५३व्या कलमात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. औषध म्हणून विकायला गेलं तर १९५४ चा जादूटोण्याच्या उपायांचा आणि आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आडवा येतो, त्यातल्या रोगांच्या यादीत मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे, स्त्रियांचं वंध्यत्व आहे, उंचीही आहे.

दंडाची भीती होतीच. पण बोट गेलेल्या मावशी त्याच बैठकीत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर ‘मधुमेहावर रामबाण’ छापायचं कसं? आता आमच्या पाकिटावर लिहिलं आहे: शेवग्याच्या पाल्याची पावडर, घटक शेवग्याचा पाला, वजन, बनवल्याची तारीख, मुदत, नोंदणी नंबर. खाली एक ओळ, आमटीत, थालीपिठात घालून खावी. खप थोडा कमी आहे. पण घेणारी बाई पुन्हा येते.

शब्द किती फसवे असतात, त्याचं एक सरकारी उदाहरण देतो. दुधात घालायच्या पावडरी आणि पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकली जात होती. एप्रिल २०२४ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, की ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकार आपल्या अन्न कायद्यात कुठे सांगितलेलाच नाही, तेव्हा त्या नावाखाली माल दाखवू नका. कित्येक वर्षं पोरांच्या आरोग्यासाठी म्हणून आयांनी ज्या नावावर पैसे मोजले, ते नाव कायद्यात नव्हतंच.

मग पूरक गोळ्या कुणीच घेऊ नयेत का? तसं नाही. ज्याला कमतरता आहे, त्याला त्या लागतातच. अगदी शाकाहारी घरांत व्हिटॅमिन बी १२ कमी असू शकतं. रक्त तपासल्यावर डॉक्टर सांगतील ते घ्यावं. आणि आपल्या बायांची सगळ्यात मोठी कमतरता आहे लोहाची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! यावरची गोळी महाग डब्यात नाही, ती आपल्या उपकेंद्रात फुकट आहे. गरोदर बाईसाठी लाल गोळी, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड. गरोदर बाईला कॅल्शियमच्या गोळ्याही सरकारीच मिळतात.

या गोळ्या घराघरांत फळीवर पडून असतात, हेही आम्ही बघतो. शी काळी होते, मळमळतं, म्हणून बाया सोडून देतात. शी काळी होणं साधं आहे, त्याला घाबरू नका. मळमळत असेल तर जेवल्यानंतर घ्या. चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. वर लिंबू पिळलेलं पाणी किंवा आवळा घ्या. तरी त्रास झाला तर आशाताईंना सांगा, पण परस्पर बंद करू नका. फुकट मिळते म्हणून गोळी हलकी आणि ९०० रुपये दिले म्हणून पावडर भारी, हा हिशेब आपल्या डोक्यातून काढायला हवा.

आपल्या गटाच्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे एक सूत्र आहे. त्याला धरून एक काम देतो. पुढच्या बैठकीला येताना घरातला असेल तो डबा, सिरप, पट्टी पिशवीत घालून आणा. लपवू नका, कुणी हसणार नाही. वाचता येणाऱ्या दोघी मोठ्याने मागची बाजू वाचतील: नंबर कुठला, घटकांत पहिलं नाव कोणतं, १०० ग्रॅममध्ये प्रथिनं किती, मुदत कधीची. वहीत लिहून काढा आणि आशाताईंना त्या दिवशी बोलवा.

ज्या डब्यावर नंबर नाही, मुदत खोडलेली आहे किंवा रोग बरा करण्याचा दावा आहे, त्याचा फोटो काढून ठेवा, पावती जपून ठेवा आणि तक्रार करा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर आहे १८०० २२२ ३६५. ग्राहक म्हणून फसवणूक झाली असेल तर १९१५. हे दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. पेन शोधायला वेळ लागेल म्हणून पुन्हा सांगतो: एक, आठ, शून्य, शून्य, दोन, दोन, दोन, तीन, सहा, पाच. आणि दुसरा, एक, नऊ, एक, पाच.

आणि आज रात्री ताटं वाढताना उसळीची एक वाटी आधी आपल्या ताटात वाढून घ्या.